नानुभाईंच्या सुतळ्या

नानुभाईंच्या खिशात कायम सुतळ्या असतात. चावी नसेल, चष्मा नसेल, पण सुतळ्या असतात आणि प्रत्येकीला कुठेतरी एक गाठ असते. ही कुणाच्या खिडकीची, ती कुणाच्या मांडवाची. मापाच्या टेपवर त्यांचा विश्वास नाही. "टेप सगळ्यांना सारखीच ने, बेन. गाठ ज्याची त्याची असते." काम झालं की त्या कामाची सुतळी न्हाणीच्या चुलीत जाते. नाहीतर मापं एकमेकांत घुसतात, असं ते गंभीरपणे सांगतात.

आयुष्यभर त्यांनी घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकूच्या लाकडी पेट्या ठोकल्या. पेट्यांचे दिवस गेले, हातोडी राहिली. आमच्या कुंपणापलीकडे ते एकटेच राहतात, त्यामुळे ती मला रोज ऐकू येते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांना कुंपणावरून सहज म्हटलं, "नानुभाई, बोअरचं पाणी खारट झालंय. मोगऱ्याची पानं जळतात. पावसाचं पाणी धरायला काहीतरी करून द्या." बाग अक्काची, मी डहाणूच्या वाचनालयात नोकरीला. मला वाटलं, एक पिंप, एक पन्हळ, दोन दिवसांचं काम.

पिंप प्लॅस्टिकचं, निळं. ते नानुभाईंना बघवेना. "पाणी तर डबड्यात पण राहते. शोभा पाहिजे." मग ते झाकायला जुन्या पेट्यांच्या फळ्या जमवणं सुरू झालं. पन्हळीतून पिंपात सरळ पाइप सोडायचा तर तेही नाही. साखळीत करवंट्या ओवायच्या, म्हणजे पाणी एकीतून दुसरीत उड्या मारत उतरेल. करवंट्या एका मापाच्या हव्यात, म्हणून आळीत कुणी नारळ फोडायला घेतला की हे सुतळी घेऊन हजर. अक्का हसायची. मी पुस्तकात तोंड खुपसून चरफडत असे.

यंदा होळीनंतर अक्का गेली. तेरावं होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच नानुभाई हातोडी घेऊन आमच्या अंगणात. मला पुस्तक उघडून, न वाचता, नुसतं बसायचं होतं. बाहेर ठकठक चालू.

"नानुभाई, आता राहू द्या."

"फळ्या कापल्या ने, बेन," म्हणाले आणि ठोकत राहिले.

पावसाआधी पिंप उभं राहिलं. देखणं होतं, हे कबूल करायला हवं. दगडी चौथऱ्यावर, हिरव्या फळ्यांचं. एका फळीवर 'घोलवड', दुसरीवर 'सांभाळून उचला'. डासांच्या जाळीचं झाकण, त्यावर पितळी तांब्या उपडा. मासे घेऊन येणाऱ्या मावशीने तो कळस पाहिला, पाटी उतरवली आणि हात जोडले.

"कुठला देव बसवला, बाई?"

"पाण्याचा," कुंपणापलीकडून नानुभाई म्हणाले. पुढच्या खेपेला तिने जास्वंद आणलं.

एवढ्या शोभेत नळ मात्र पिंपाच्या बरोब्बर मध्यावर. म्हणजे नळाखालचं निम्मं पाणी बाहेर यायचंच नाही. हे मी त्यांना सांगितलं.

"नळ मापात आहे."

"कुणाच्या मापात? मग निदान चौथरा उंच करा आणि नळ तळाशी घ्या."

"मग ते सोसायटीच्या टाकीसारखं दिसेल," म्हणाले आणि करवंट्या सारख्या करायला गेले.

पाऊस रोज पडत होता तोवर भागलं. भाद्रपदात उघडीप पडली. नळ कोरडा आणि आत निम्मं पिंप भरलेलं. मी कळस उतरवून, जाळी काढून मगाने उपसू लागले, तर हात पुरेना. शेवटी बोअरचं पाणी घातलं. चार दिवसांत मोगऱ्याची पानं कडेने तपकिरी झाली. अक्काचं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

त्या दिवशी माझा आवाज चढला. "नानुभाई, नळ खाली घ्या. नाहीतर मी प्लंबर बोलावते."

ते घरात गेले. ड्रिल घेऊन आले. "खाली दुसरा बसवतो. हा राहू दे."

"कशाला? शोभेला?"

त्यांनी झारी जवळ ओढली. ती नळाखाली नीट बसावी म्हणून तिचं माप घ्यायचं होतं. कोरी सुतळी शोधायला त्यांनी खिसा चौथऱ्यावर रिकामा केला. त्यात एक मळून काळी झालेली होती. मी सहज उचलली, टोक जमिनीला लावून ताणली. गाठ वरच्या नळाशी आली.

"हे काम तर पावसाआधीच संपलं," मी म्हटलं. "ही चुलीत गेली नाही?"

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं. "मोठ्या बेनचं माप आहे. तुम्ही डहाणूला गेलेल्या. कंबर धरलेली, वाकता येत नव्हतं ने त्यांना. म्हणाल्या, झारी उभ्या-उभ्या भरली पाहिजे. मग झारी हातात देऊन उभं केलं आणि गाठ मारली."

"पण नानुभाई, तुम्ही नळ बसवला तेव्हा ती नव्हतीच."

"उशीर माझा झाला, बेन. माप कशाला बदलायचं?"

खालचा नळ बसला. त्याची सुतळी संध्याकाळी चुलीत गेली असणार. काळी त्यांनी माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

पुढे पुन्हा पाऊस झाला, पिंप भरलं. तेव्हापासून सकाळची पहिली झारी मी वरच्या नळावर भरते. मी अक्कापेक्षा उंच आहे, त्यामुळे मला थोडं वाकावं लागतं.