डाव्या पायाचं मलम

ओटोकार प्रिहोडा बायकोला "तू म्हणशील ते" असं बोलून गेला, आणि तिथेच सगळं बिघडलं. (हे वाक्य बोलण्याआधी नवऱ्यांनी घोटभर पाणी प्यावं. तेवढ्या वेळात कधी कधी अक्कल येते.)

ओटोकार हा व्हिएन्नाच्या पाणीपुरवठा खात्यातला कारकून. त्याचं टेबल खिडकीपासूनही लांब आणि हीटरपासूनही लांब, म्हणजे उन्हाळ्यात वारा नाही आणि हिवाळ्यात ऊब नाही. साहेब त्याला अजून अधूनमधून 'प्रोहास्का' अशी हाक मारत. प्रोहास्का केव्हाच निवृत्त झाला होता, पण ओटोकारने ती चूक कधी दुरुस्त केली नाही. समोरच्याला वाईट वाटेल असं काही बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची.

असा हा माणूस दर फेब्रुवारीत एक आठवडाभर मात्र कुणीतरी असायचा. काल्टेनरीड या डोंगरातल्या स्कीच्या गावात क्राल्लिंगर कुटुंबाचं हॉटेल होतं. तिथली मालकीण नोटबुर्गाबाई त्याला पाहताच दारातूनच ओरडायची, "आले गं बाई आमचे व्हिएन्नावाले!" शेगडीजवळ त्याच्या सपाता ऊब घेत पडलेल्या असायच्या. त्याचे चामडी बूट दरवर्षी गळायचे. ते ती स्वतः कागद कोंबून वाळत घालायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "ओटोकार, नवे घे रे बाबा! की बुटात पाणी सोडायचं कामही तुझ्या खात्याकडेच आहे?" यावर सगळं जेवणघर हसायचं आणि ओटोकारचा ऊर भरून यायचा. व्हिएन्नात त्याच्या बुटांकडे कोण बघत होतं?

शिवाय यंदाचा हिवाळा विसावा होता. त्या गावात एखादा पाहुणा वीस हिवाळे सलग आला की त्याला सोनेरी बिल्ला मिळतो, सरपंच भाषण करतात आणि गावचा बँड वाजतो. (ओटोकारच्या लग्नातही बँड नव्हता.)

पण त्याची बायको रोझविथा हिला बिल्ल्याचं काही नव्हतं. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला बोलू न देण्याचा तिला चांगला सराव होता.

"यंदा मी तिथे झोपणार नाही," तिने जानेवारीतच जाहीर केलं. "त्या गादीत मधोमध खड्डा आहे. एकोणीस वर्षं आपण दोघं त्यात घरंगळतोय."

"जवळ येतो ना आपण त्यानिमित्ताने," ओटोकार म्हणाला.

"पहिली दोन वर्षं गोड वाटलं ते. आता माझी कंबर धरते. आणि सोमवारी कलेजीच्या गोळ्यांचं सूप! तुला तरी आवडतं का रे ते?"

ओटोकारने इकडेतिकडे पाहिलं, जणू नोटबुर्गाबाई पडद्यामागे उभी आहे. मग हळूच म्हणाला, "नाही. पण पहिल्या वर्षी मी चुकून दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं ना. आता ती कौतुकाने करते, तर नको कसं म्हणू?"

"आणि सॉना? बटाट्याच्या तळघरात एक तापलेली पेटी आणि घाम गाळायला एक बाकडं! आत बसलं की आपण भाजीत पडणार असं वाटतं."

मग रोज संध्याकाळी रोझविथा हॉटेलांचे फोटो दाखवू लागली. "हे बघ, दारातूनच स्कीची लिफ्ट. हे बघ, बाहेर बर्फ आणि तलावात गरम पाणी. हे बघ, पण इथे आजी दिसत नाही कुठे. घरचं हॉटेल हवं मला, कंपनीचं नको." ओटोकार प्रत्येक फोटोला "छान" म्हणत होता. शेवटी ती चिडली. "अरे, काहीतरी ठरव!" आणि तेव्हा तो ते वाक्य म्हणाला. तिने तिथल्या तिथे बुकिंग करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओटोकारने नोटबुर्गाबाईला फोन लावला. खरं काय ते सांगायचं, असं ठरवून लावला. वाक्यही पाठ केलं होतं. पण तिकडून ती आधी बोलली.

"अरे ओटोकार! वाटच बघत होते तुझ्या फोनची! बँडवाल्यांना सांगितलंय. सरपंच भाषण पाठ करताहेत. बरं, तू काय म्हणत होतास?"

ओटोकारच्या घशाला कोरड पडली. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी बाहेर आलं.

"नोटबुर्गा, माझा पाय मोडलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठला?" तिने विचारलं.

"डावा."

मग काहीतरी दाबल्यासारखा, नाक ओढल्यासारखा आवाज आला. रडली! थोड्या वेळाने ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बरं. काहीतरी पाठवते. रोज लाव. आणि अजून काही सांगायचं असलं तर सांग हं. मी आहे फोनवर."

"नाही, एवढंच," ओटोकार म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं, "बरं, आपण जाणार आहोत ते हॉटेल आहे तरी कुठे?" (हा प्रश्न फोनच्या आधी विचारता आला असता, हे खरं आहे.)

"काल्टेनरीडला. ओढ्यापलीकडचं एगार्टनरांचं. चार पिढ्यांचं आहे."

ओटोकार खुर्चीत बसला. "काल्टेनरीडला? मग बदल काय झाला?"

"गाव मला आवडतं रे. उतार ओळखीचे, केकवाली ओळखीची. मला फक्त गादी बदलायची होती."

त्याने मग सगळं सांगितलं. रोझविथाने ऐकून घेतलं, उठली, फोन त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आत्ता लाव आणि खरं सांग." त्याने फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि पुन्हा खाली ठेवला.

आठवड्यात पार्सल आलं. आत एक पत्र्याची डबी. घरी कढवलेली मार्मोटची, म्हणजे डोंगरातल्या गुबगुबीत खारीची चरबी, त्यात पाइनच्या झाडाचा चीक. वास असा की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, तुमच्याकडे काही जळतंय का. ओटोकारला भरून आलं. आपण तिला फसवलं आणि ती बिचारी आपल्यासाठी चरबी कढवत बसली!

"लाव लाव," रोझविथा म्हणाली, "पण जिभेला लाव. बिघाड तिथे आहे."

तो मात्र खरोखरच रोज सकाळी डाव्या पायाला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, ते मलम चोळू लागला. पाय धडधाकट होता, पण तेवढंच प्रायश्चित्त. निदान फोनवर तिने सांगितलेलं एवढं तरी खरोखर पाळावं.

काल्टेनरीडला पोचल्यापासून त्याने स्कीचं हेल्मेट आणि गॉगल उतरवला नाही. उतारावर ठीक होतं. केकवालीच्या दुकानातही तो तसाच बसला. केक गॉगलमुळे हिरवा दिसत होता. नोटबुर्गाबाईच्या दारासमोरच्या ओढ्याच्या पुलावरून जायचं टाळण्यासाठी तो बर्फातून लांबचा वळसा घ्यायचा, त्यामुळे बूट यंदा नेहमीपेक्षाही जास्त गळले. मोजे पिळून पिळून त्याच्या हाताला घट्टे पडायची वेळ आली, आणि बूट वाळत घालायला नोटबुर्गाबाई नव्हती. एगार्टनरांचं हॉटेल उत्तम होतं. गादी सपाट, सूप चविष्ट. पण दारात कुणी ओरडलं नाही. "नाव काय म्हणालात?" असं मात्र विचारलं. ओटोकारला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

गरम पाण्याच्या तलावात उतरल्यावर रोझविथा म्हणाली, "अरे, तुझ्या या पायावर पाणी थांबतच नाहीये. बदकाच्या पाठीवरून ओघळावं तसं ओघळतंय."

"औषधी आहे ते," ओटोकार म्हणाला.

बुधवारी दुपारी ती त्याला ओढतच सॉनाच्या तापलेल्या लाकडी खोलीत घेऊन गेली. आता सॉनाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. बायका-पुरुष एकत्र, अंगावर काही नाही, बसायला खाली टॉवेल. पोहण्याच्या कपड्यांत कुणी दारात आलं तर थोरली एगार्टनर आजी त्याला सर्वांदेखत परत पाठवते. हेल्मेटचं तर विचारूच नका. ओटोकारने मिळाली ती लोकरीची सॉना-टोपी नाकापर्यंत ओढली आणि सगळ्यात वरच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसला. "गावातलं कुणी नसतं इथे," रोझविथा म्हणाली, "सगळे पाहुणे."

मग दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला.

"सरका गं जरा! बुधवारी तरी बसू दे मला सुखाने. स्वतःच्या हॉटेलात मालकिणीला कुणी घाम गाळू देतं का? उशी हवी, चमचा हवा, बर्फ थांबवा!"

नोटबुर्गाबाई त्याच्या शेजारीच टेकली. धाकटा एगार्टनर बादली घेऊन आत आला, दार लावलं आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतून टॉवेल गरगरा फिरवू लागला. पाणी ओतलं की ते संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा शिष्टाचार. ओटोकारने श्वास रोखला. पण पायाला कोण रोखणार? वाफ चढली तसा डावा पाय दरवळू लागला. मार्मोट, पाइन आणि वर जुन्या तबेल्याची थोडी आठवण.

नोटबुर्गाबाईने नाक उचललं. "थांबा. हा वास माझा आहे."

त्याच क्षणी टॉवेलचा झोत आला आणि टोपी खाली पडली.

सॉनात सगळे एकमेकांच्या तोंडाकडेच बघून बोलतात, नजर खाली जात नाही. हा नियम लहान मुलांनाही शिकवावा लागत नाही. नोटबुर्गाबाईने त्या दुपारी तो सर्वांसमक्ष मोडला. तिने आधी ओटोकारच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग सावकाश, सरळ त्याच्या डाव्या पायाकडे.

"ओटोकार."

"हो."

"पाय?"

समोरच्या बाकावर रोझविथा डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

"बरा झाला," ओटोकार म्हणाला. आणि आता काहीतरी चांगलं बोलावं म्हणून पुढे म्हणाला, "तुझ्या मलमाने. रोज चोळत होतो."

"चोळत होतास? पायाला?"

"गुडघ्यापासून खाली. अगदी जिरेपर्यंत."

नोटबुर्गाबाईने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदा हलू लागले. शिष्टाचार बाजूला ठेवून ती उठली आणि तशीच धडपडत बाहेर गेली.

"पुन्हा रडवलंस तिला," रोझविथा म्हणाली. ओटोकारला त्या उकाड्यातही थंडी वाजली. बिल्ला गेला त्याचं त्याला काही वाटलं नाही. ज्या एका दारातून आपल्याला आनंदाने हाक मारली जायची, ते दार आपणच लावून घेतलं, याचं मात्र त्याला फार वाईट वाटलं.

पण बिल्ला गेला नव्हता. बिल्ला गावाचा असतो, कुठल्या एका हॉटेलाचा नाही. एगार्टनर आजीने त्याला तसं सांगितलं आणि शुक्रवारी संध्याकाळी धरून सभागृहाच्या मंचावर नेलं. बँड वाजला. सरपंच उभे राहिले. "पाय मोडला असताना," ते म्हणाले, "केवळ आमच्या गावाच्या ओढीने हे गृहस्थ..." पहिल्या रांगेत बिल्ला हातात घेऊन बसलेली नोटबुर्गाबाई खाली मान घालून पुन्हा थरथरत होती. ओटोकारला ते बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं तरी बोलणं मध्ये तोडलं.

"माझा पाय मोडला नव्हता!"

"माहीत आहे!" सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं.

ओटोकार बघतच राहिला. नोटबुर्गाबाई डोळे पुसत उठली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की ही बाई रडत नव्हती.

"अरे शहाण्या, एगार्टनरांची सून माझी भाची आहे! तुमचं बुकिंग झालं आणि लगेच मला कळलं. फोनवर तुला खरं बोलायला किती वेळ दिला मी! हसू दाबून दाबून जीव गेला माझा."

"म्हणजे तू रागावली नाहीस?"

"गादीचं मला सांगायचं ना! बदलली असती."

"आणि ते सूप," ओटोकार एकदम धीर करून म्हणाला, "मला आवडत नाही."

"मला तर करायलाही आवडत नाही! तू मागून घेतलंस म्हणून एकोणीस वर्षं करतेय!"

सगळे हसले. तिने त्याच्या कोटावर बिल्ला लावला, आणि ओटोकारला इतकं हलकं वाटलं की त्याने मनातलं शेवटचंही सांगून टाकलं. "बाकी सगळं खोटं असेल नोटबुर्गा, पण मलम मात्र मी खरंच लावलं. एक दिवस चुकवला नाही."

"तेच तर!" नोटबुर्गाबाई ओरडली, आणि आता तिने हसू दाबायचा प्रयत्नही सोडून दिला. "तू येणार हे ठाऊक होतं मला, म्हणून पाठवलं होतं. अरे, ते बुटांना लावायचं होतं!"

बँडमधल्या तुतारीवाल्याला हसताना ठसका लागला, त्यामुळे पुढचं गाणं रद्द झालं. ओटोकार मंचावरून खाली उतरला. छातीवर सोनेरी बिल्ला होता, डावा पाय गुडघ्यापर्यंत पाणी न लागणारा झाला होता, आणि दर पावलागणिक दोन्ही बुटांतून चुळुक चुळुक आवाज येत होता.