थर्मासची परीक्षा

सोलापुरात वैशाख तापला, तेव्हा पाणपोई कमिटीपुढं एक गंभीर प्रश्न उभा राहिला: रांजण काढून त्या जागी विलायती थर्मास घ्यावा काय? दुकानदार राजेसाब नमुना घेऊन आले. पाणी कशात जास्त गार राहतं, याची तुलना निष्पक्ष व्हावी म्हणून सकाळीच रांजणातलं पाणी थर्मासात भरलं आणि रांजणाच्या तोंडाला फडकं बांधून लाखेची मोहोर केली. संध्याकाळपर्यंत दोन्ही उघडायचे नाहीत, असा ठराव झाला. तहानेचा उल्लेख ठरावात नव्हता.

पाणी वाढणाऱ्या गिरिजाबाईंचं वैशाखाचं व्रत होतं: पाणपोईवर आलेला जीव तृप्त झाल्याखेरीज आपण घोट घ्यायचा नाही. दुपारी सडकेची खडी फोडणारी भीमा आली आणि रोजच्यासारखी लांब, बांबूच्या पन्हळीच्या टोकाशी ओंजळ धरून बसली. तिच्या वस्तीला पाणी पन्हळीतूनच मिळे. मध्ये चार हात अंतर राहिलं की कमिटीचं पुण्य शाबूत राही.

"वाईच घाला की, बाई. जीव चाललाय."

"परीक्षा चालू हाय," अध्यक्ष सिद्धलिंगप्पा म्हणाले. "मधी विघ्न नको."

गिरिजाबाईंच्या घशालाही सकाळपासून कोरड होती. कमिटी शिवाशिवीच्या मुद्द्यावर आली.

"राजेसाब, ह्याला भायेरून कुणी हात लावला तर?"

"अप्पा, आत दोन काचा हायेत. मधी हवासुदा न्हाय. भायेरचं ऊन आत जात न्हाय."

"आणि विटाळ?"

"उनाला वाट न्हाय, तर त्याला कुटनं असंल?"

कमिटीला शास्त्र पटलं. दर उन्हाळ्यात विटाळलेले रांजण फोडायची कटकट मिटली. थर्मास एकमतानं शुद्ध ठरला.

गिरिजाबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे कुणीही धरला तरी आतलं पाणी चांगलंच ना, अप्पा?"

"अगदी सोवळं, बाई!"

गिरिजाबाईंनी थर्मास उचलला, झाकण काढलं आणि भीमाच्या हातात दिला.

मंडळी ताडकन उभी राहिली. भीमा घटाघटा प्यायली. "लई गार हाय, बाई!" उरलेलं पाणी गिरिजाबाईंनी ओंजळीत घेतलं आणि व्रत सोडलं.

तातडीची सभा भरली. पाणी गार असल्याची साक्ष भीमाच्या तोंडची, सबब ग्राह्य नाही. थर्मास गोमूत्रानं धुऊन परीक्षा पुढल्या वैशाखात पुन्हा घ्यावी. तोवर पन्हळ दोन हात वाढवावी.

मग थर्मास घेण्याजोगा आहे की नाही, असं आपण विचाराल. या, कमिटीत बसा. दुसऱ्या दिवशी भीमाला पाणी मिळालं का, हे विचारणाऱ्याची जागा मात्र अजून रिकामी आहे.