साडेतीन लाख किलोमीटर

शुभदाताईंच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी-जिरं शोधायला जाऊ नका. मी गेले होते. एका वाटीत फ्यूज, एकीत वॉशर, एकीत बारके बल्ब आणि मधल्या वाटीत, जिथे तुमच्या-आमच्याकडे हळद असते, तिथे ग्रीस! "अगं, तो गाडीचा डबा! स्वयंपाकाचा वरच्या फळीवर," म्हणत त्यांनी तो माझ्या हातून असा काढून घेतला, जणू मी पारोशी देवाला शिवले.

आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात एकाच इमारतीत राहतो. शुभदाताई पुण्याच्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, आता घरून जेवणाचे डबे देतात. गाडी म्हणजे सात सीटांची, एकोणीस वर्षांची एसयूव्ही, साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. घरात माणसं दोन, आणि डबे पोचवायला सायकल पुरते. मग हा पांढरा हत्ती कशाला पोसता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "वय झालं म्हणून काय कुणी माणूस टाकून देतं का गं?" पंप गेला, तरी हेच. बेल्ट तुटला, तरी हेच.

त्यांचं डच गॅरेजात शिकलेलं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गुडघा दाखवायला गेल्या आणि "बेअरिंग झिजलंय, वळताना आवाज येतो" असं सांगून आल्या. डॉक्टरला नेमकं कळलं, हे विशेष.

नवरा, मिलिंदराव, शांत गृहस्थ. बिचाऱ्यांना इलेक्ट्रिक गाडी हवी आहे. "हिच्या मोबाइलमध्ये माझा एक फोटो नाही, गाडीच्या पोटाचे चाळीस आहेत," असं ते हसत हसत सांगतात.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. इथे दरवर्षी गाडीला एपीके नावाची सक्तीची तपासणी पास व्हावी लागते, नाहीतर ती रस्त्यावर आणता येत नाही. गाडी नापास झाली. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजलेली. गॅरेजवाला म्हणाला, मोडीत काढा. मिलिंदरावही म्हणाले, "बास झालं आता, शुभदा." ताई जिन्यात बसून चक्क रडल्या. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. फार वाईट वाटलं मला.

पण गप्प बसतील त्या शुभदाताई कसल्या! सतरा गॅरेजं पालथी घातली. शेवटी एक वेल्डर तयार झाला. ताई रोज त्याला डबा घेऊन जायच्या आणि तो जेवत असला की टॉर्च घेऊन, गाडीखाली वाकून त्याचं काम तपासायच्या. दोन आठवड्यांनी गाडी पास झाली! सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. समोरच्या डच बाईंना वाटलं, ताईंना नात झाली. त्यांनी अभिनंदनाचं कार्ड टाकलं. ताईंनी ते फ्रिजवर लावलं.

त्या रविवारी मला म्हणाल्या, "चल, बेस्टला जाऊन येऊ." आइंडहोव्हनजवळचं हे गाव. मला वाटलं, गाडी पळवून बघायची असेल. वाटेत त्यांनी खरेदीची हकिगत सांगितली. गाडी तिथल्या हेंक नावाच्या आजोबांची. नजर अधू झाली, म्हणून विकावी लागली. ताब्यात घेताना ताईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. अधू नजरेलाही ते पिवळं दिसलंच. आजोबांना वाटलं, पिशवीतून पडलं. त्यांनी उचललं, पुसलं आणि परत दिलं. असं तीनदा. "शेवटी म्हटलं, जाऊ दे, निघू या लिंबाशिवायच!"

आम्ही पोचलो, तर आजोबा दारातच उभे. गाडीचा आवाज ओळखून पुढे आले, बॉनेटवरून हात फिरवला, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. ताईंनी चासीचं सगळं रामायण त्यांना डचमध्ये ऐकवलं. ते मान डोलावत होते आणि डोळे पुसत होते. मग ताई सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

"दर दोन महिन्यांनी आणते तिला," त्या मला म्हणाल्या. "वाट बघतात गं ते."

"पण ताई, एवढा खटाटोप कशासाठी?"

त्या कपाटातून कप काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आई-बाबा गेले. भावानं कोथरूडचा फ्लॅट विकला. हल्ली पुण्याला गेले की हॉटेलात उतरते मी. म्हटलं, आम्हा दोघींतल्या एकीला तरी माहेर असू दे."