दस्तगीरचाचांची धार

शाहूपुरीतल्या गाड्यावर चहा ओतताना चहावाल्याचा हात जरा हलला, की आमचे दस्तगीरचाचा लांबूनच ओरडायचे, "धार तुटली की रं! हात हलवू नगंस!" बिचारा दचकून निम्मा चहा बशीत सांडायचा. लग्नाच्या पंगतीत रस्सा वाढणाऱ्यांनाही त्यांनी कधी सोडलं नाही.

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन आलं, तेव्हा आम्ही छाती फुगवून गावभर सांगत हिंडलो. पोलाद कापताना कटर तापतो, म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं कूलंट सोडतात. ते सुरू-बंद करायचं काम कॉम्प्युटरचं. पण किती सोडायचं, तो कॉक हातानं फिरवायचा, आणि त्याला चाचांशिवाय कुणी बोट लावायचं नाही. धार मधेच तुटली तर तापलेला कटर तडकायचा. फार झाली तर सगळ्यांना आंघोळ!

"तुमचा कॉम्प्युटर लई शाणा हाय, पाटील," ते मला म्हणायचे, "पर त्याला तहान कळत न्हाय."

एकदा मोठ्या ऑर्डरसाठी नमुना काढून दाखवायचा होता. पुण्याचे पाहुणे समोर बसलेले, कटर शेवटचा, आणि जेवायला घरी गेलेले चाचा परत येईनात! मालक लालबुंद झाले. "पाटील, त्या म्हाताऱ्याला धरून आणा!" मी सायकल हाणली.

दार उघडंच होतं. चाची अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. या बोलभांड माणसानं आम्हाला हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चाचा तान्ह्या पोराच्या बोंडल्यानं त्यांना पेज पाजत होते. "और थोडा, हलिमा," असं अगदी हळू म्हणत होते.

"दम धरा, पाटील. जास्ती गेली की ठसका लागतोय. हितं कॉक न्हाय, मनगटच हाय."

मी उंबऱ्यावरच बसलो. मालक गेले खड्ड्यात!

पेज संपल्यावर शेजारीण येऊन बसली आणि आम्ही डबलसीट कारखान्यात आलो. चाचांनी कॉक किंचित फिरवला. लागलेली धार शेवटपर्यंत तुटली नाही. नमुना असा देखणा निघाला, की पाहुणे तो हातातून खाली ठेवेनात. मालकही राग विसरून ओरडले, "चाचा, मानलं तुम्हाला!"

चाचांची छाती पुढं आली होती, डोळे चमकत होते. मला बाजूला ओढून म्हणाले,

"बघितलासा न्हवं, पाटील? आज आख्खी वाटी संपीवली तिनं. एक ठसका लागला न्हाय."