चौदा रकाने आणि एक रायफल

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी "तुमची नजर उत्तम आहे हो" एवढंच म्हटलं, आणि रकानेरावांनी नेमबाज व्हायचं ठरवलं. आता डॉक्टर हे वाक्य दिवसाला वीस माणसांना ऐकवत असतील. पण रकानेरावांना त्यांच्या एकावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी कशालाच उत्तम म्हटलं नव्हतं. (बायकोने एकदा म्हटलं होतं, पण ते छत्रीबद्दल होतं.)

रकानेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्याच इस्पितळाच्या खरेदी विभागात ते हेडक्लार्क होते. खाट घ्यायची असो की कापूस, तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि एक जरी रकाना रिकामा राहिला तरी अख्खी फाईल परत पाठवायची, ही त्यांची ख्याती. डॉक्टर मंडळी त्यांना टरकून असत.

तर रकानेराव गावातल्या शूटिंग क्लबात दाखल झाले. दर रविवारी क्लबाची रायफल घेऊन दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारू लागले. कागदावर मधोमध टिकलीएवढा ठिपका असतो, त्याला लागलं की दहा गुण. रकानेरावांना सात मिळाले, आठ मिळाले, दोनदा नऊही मिळाले. दहा काही मिळेना. बघता बघता त्या दहाने त्यांच्या डोक्यात घर केलं. जेवताना ताटाच्या मध्यावर नजर लावून बसत. आयुष्यात एकदा, फक्त एकदा दहा मारायचा, बस्स.

अशात नवशिक्यांची स्पर्धा जाहीर झाली. कोच म्हणाले, "स्वतःची रायफल असेल तर बरं. हाताला सवय होते. फार महागातली नको, साधीच बघा."

'बघा' म्हटल्यावर रकानेरावांनी काय केलं असेल? तीन दुकानांना पत्रं पाठवून सीलबंद दरपत्रकं मागवली! एका दुकानदाराला ही थट्टा वाटली. दुसऱ्याने छापील किंमतपत्रिका पाठवली आणि तिसऱ्याने फोन करून विचारलं, "साहेब, पलटणीसाठी हव्यात का?" तरीही तक्ता झाला. चौदा रकान्यांचा. वजन, लांबी, नळी, वॉरंटी, दुरुस्तीच्या दुकानाचं घरापासूनचं अंतर, कपाटावर मावेल की नाही, सगळं त्यात होतं. पण तिन्ही रायफली त्यांच्या ऐपतीच्या पलीकडच्या निघाल्या.

शेवटी एका जुन्या-नव्या मालाच्या दुकानात एक सापडली. फारशी न वापरलेली, नामांकित बनावटीची, आणि किंमत निम्मी. तिचेही चौदा रकाने रकानेरावांनी भरून घेतले.

"इतकी स्वस्त का?" रकानेरावांनी डोळे बारीक करून विचारलं.

"गिऱ्हाईकच मिळत नाही हो हिला. तुम्ही एकदा हातात तर घेऊन बघा."

"खरेदी कागदावर होते, हातात नाही. हातात घेतलं की माणूस भुलतो."

"तसं नव्हे साहेब, हिचं एक असं आहे की..."

"दोष असेल तर किंमत अजून उतरवा."

दुकानदार काही बोलणार होता. पण त्याने रकानेरावांकडे एकदा नीट बघितलं, किंमत थोडी उतरवली आणि 'माल जसा आहे तसा पसंत, परत करणार नाही' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. मसुदा रकानेरावांनीच सांगितला. भाषा पक्की असावी म्हणून.

घरी येऊन त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि काहीतरी बिनसलं. गाल टेकायची फळी भलत्याच बाजूला फुगलेली होती. गाल टेकायला जावं तर तिथे नुसती हवा. छर्रा भरायचा खटका शोधायला हात रायफलवरून पलीकडे न्यावा लागे.

चौदा रकान्यांतून तावून सुलाखून निघालेल्या वस्तूत दोष असणं शक्य नव्हतं. तेव्हा दोष मानेत असणार, असं रकानेरावांनी ठरवलं. चार दिवस त्यांनी मानेचे व्यायाम केले. पाचव्या दिवशी दस्त्याला लहान उशी बांधली. इस्पितळातल्या मालीशवाल्या बाईंनी विचारलं, "मान कशाने धरली?" त्यावर "स्पोर्ट्स इंज्युरी" म्हणताना त्यांना थोडं बरंही वाटलं.

बायको हे सगळं शिलाई मशीनवरून बघत होती. आजूबाजूच्यांचे कपडे शिवून देणं हा तिचा व्यवसाय.

"अहो, मान अशी वाकडी का?"

"पोझिशन आहे ती. तुला नाही कळायचं."

एका शनिवारी दुपारी झाडताना तिने कोपऱ्यातली रायफल उचलली, उशी सोडली आणि सहज खांद्याला लावून पाहिली. गाल फळीवर अलगद टेकला. बोट आपसूक खटक्यावर गेलं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही डावखुऱ्या माणसाची आहे."

"काहीतरीच. रायफलीला कसला आलाय डावा-उजवा?"

"कात्रीला असतो, मग हिला का नसेल? बावीस वर्षं उजव्या हाताच्या कात्रीने कापतेय मी. हा अंगठा बघा." तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी टणक घट्टा होता. रकानेरावांनी तो बावीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. "या घरात माझ्या हाताची ही पहिलीच वस्तू आली."

रकानेरावांनी तक्ता काढून वरपासून खालपर्यंत वाचला. कपाटावर मावते की नाही, हे होतं. कुठल्या हाताची, हा रकानाच नव्हता. त्यांना स्वतःची अख्खी फाईल परत पाठवावीशी वाटली. दुकानात जाण्यात अर्थ नव्हता, कारण तो पक्क्या भाषेतला कागद दुकानदाराने जपून ठेवला असणार. पण त्या क्षणी त्यांना रायफलीपेक्षा त्या अंगठ्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

"रविवारी चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

स्पर्धेला तीन आठवडे होते. रकानेराव पुन्हा क्लबाच्या रायफलीवर आले, नवी बायकोकडे गेली आणि स्पर्धेत तिचंही नाव लागलं. बायको सुईत दोरा ओवावा तसा श्वास धरून नेम धरायची. तिसऱ्या रविवारी कोच म्हणाले, "वहिनींचा हात फार स्थिर आहे हो." रकानेरावांना अभिमान वाटला. पोटातही थोडं दुखलं.

स्पर्धेच्या दिवशी दोघांना शेजारशेजारच्या लेन मिळाल्या. नेमबाज उभा राहतो तो आडवा. उजवा माणूस उजवीकडे तोंड करून, डावखुरा डावीकडे. त्यामुळे हे जोडपं ऐन स्पर्धेत समोरासमोर आलं. प्रत्येकाला एकच कागद आणि दहा छर्रे. रकानेरावांचे नऊ झाले, दहा गुण एकदाही नाही. शेवटचा छर्रा भरताना त्यांची नजर समोर गेली. बायकोने जिभेचं टोक दातांत धरलं होतं आणि कपाळावर घाम होता. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिली तेव्हाही ही इतकी छान दिसली नव्हती, असं त्यांच्या मनात आलं. नीट बघता यावं म्हणून त्यांनी पाय जरासे सरकवले. मग नेम धरला आणि चाप ओढला.

तो छर्रा सुटतानाच त्यांना कळलं. हातातून लोणी निसटावं तसा गेला. दहा! शंभर टक्के दहा!

कागद तपासणीला गेले. रकानेरावांच्या कागदावर नऊ छिद्रं निघाली. बायकोच्या कागदावर अकरा, आणि त्यातलं एक बरोब्बर ठिपक्यात.

पंच म्हणाले, "दुसऱ्याच्या कागदावर मारलेला छर्रा हुकलेला धरतात. तेव्हा तुमचा दहावा शून्य. आता वहिनींच्या कागदावरचं परकं छिद्र कुठलं, ते सांगता आलं तर ते वगळू. नाही सांगता आलं तर सगळ्यात कमी गुणांचं वगळायचं, असा नियम आहे. ठिपक्यातलं हे तुमचं का?"

रकानेरावांनी तो कागद हातात घेतला. आयुष्यातला एकमेव दहा. 'माझा' म्हटलं तर आपल्या पदरात शून्यच पडणार, पण निदान मारला एवढं तरी सगळ्यांना कळेल. मग बायकोचा दहा जाणार. ती पलीकडे ओढणीने अंगठा पुसत उभी होती.

"नाही," रकानेराव म्हणाले. "तिचाच असेल. माझा तो कडेचा."

बायकोला तिसरा क्रमांक मिळाला. रकानेराव खालून पहिले आले.

परतताना रायफलीची बॅग रकानेरावांच्या खांद्यावर होती आणि पदक बायकोच्या गळ्यात.

"पुढच्या स्पर्धेतही माझ्या शेजारीच उभे राहा हं," बायको म्हणाली.

रकानेराव फुलले. "का गं? धीर येतो?"

"तसं काही नाही. नऊ छर्रे तुम्ही तुमच्या कागदावर खुशाल वाया घालवा. दहावा तेवढा माझ्याकडे येऊ द्या."