युकुलेल्यास पट्टा लागला त्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, जैसे कानी आले तैसे लेखणीस घेतले. उणे असेल ते ऐकणाराने भरावे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर. ते समयी एका राज्यात महाराज नांदत होते, परंतु एके ठायी बैसणे त्यांस ठाऊक नव्हते. दरबार चालता चालता भरे. महाराज दहा पावले जात आणि गर्रकन फिरत, मग साऱ्या मंडळीने उजव्या हाते मुजरा करावा, ऐसा शिरस्ता. त्या दरबारी चिमाबाई वादक चाकरीस होत्या. युकुलेले म्हणोन तान्ह्या पोराएवढे चार तारांचे वाद्य, ते उजव्या हाताने छातीशी दाबून वाजवीत. मुजऱ्यास हात उचलला की वाद्य निसटे आणि चीज अर्धीच राही. सात वर्षांत एकही चीज शेवटास गेली नाही, याचे बाईंस फार दुःख. दोनदा वाद्य भुईस पडले, तेव्हा विसोपंत कारभारी संतापोन बोलिले, "तिसऱ्याने पडले तर चाकरी गेली समजा!"

मग बाई कानोजी सुताराकडे धावल्या. कानोजी म्हणाला, "बाई, पट्टा लावू. तो अडकवायला एक बटण बुडास, एक मानेच्या मुळाशी, म्हणजे खांद्यावर आपसूक राहील." इतक्यात विसोपंत येऊन गरजले, "या राज्यात बहुमान छातीवर टाचितात. दरबारचे बटण बुडास लाविता? लाज नाही?" आणि उभे राहून बटण वाद्याच्या छातीवर ठोकविले. ती फळी पापडाएवढी पातळ. दुसरेच दिवशी महाराज फिरले, बाईंनी मुजरा केला, आणि बटण फळी चिरून उपटले. बाईंनी वाद्य पदरात झेलिले, म्हणोन भुईस लागले नाही. मग त्यांस राग आवरेना. "पंत, तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा! माझं वाद्य जगू द्या!" पंत बाजूस सरले. कानोजीने बोटाने टकटक करून आतील जाड ठोकळे शोधिले, भोके पाडून बुडास आणि मानेच्या मुळाशी बटणे बसविली, आणि पट्टा चढविला.

मग दरबार निघाला. महाराज फिरले, बाईंनी मुजरा केला, आणि वाद्य होते तेथेच राहिले. महाराज चकित होऊन पुसते जाहले, "हे न धरिता कैसे राहिले?" बाई बोलिल्या, "पट्ट्यानं धरलंय, महाराज. मला आता नुसतं वाजवायचं आहे." "मग वाजवा," म्हणोन महाराज उभेच राहिले, आणि मागील मंडळी एकमेकांवर आदळली. भेगेतून तारेमागे थोडी घरघर येत होती, परंतु चीज शेवटास गेली. बाईंचे डोळे भरून आले. "संपली?" महाराजांनी पुसले आणि उत्तर न ऐकता चालू लागले.

सारांश, बाईंची चाकरी राहिली, वाद्याची भेगही राहिली. महाराज मात्र अद्याप फिरत आहेत, आणि त्यांचे मागून बाई चिजेमागून चीज पुरी करीत आहेत.