स्वस्त पायजे, पण मारकं नको

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही करकंबला, अर्धं लक्ष म्हशीकडे ठेवून. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मर्जीने पडतात आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. वाचणाऱ्याने तेवढं पोटात घालावं. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून आमच्या शेजारच्या मल्लेशम मामांबद्दल लिहून ठेवते.

मल्लेशम मामांना दुसऱ्यांच्या घरचा फ्यूज खिशात घालून हिंडायची सवय आहे.

ही सवय यंत्रमागाच्या कारखान्यातली. मामा तिथं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागात हात घालायच्या आधी फ्यूज काढायचा आणि तो दुसऱ्या कुणाकडे न देता आपल्याच खिशात ठेवायचा. मग कुणी वेंधळ्याने बटण दाबलं तरी हात शाबूत. या एका नियमावर त्यांनी नोकरी काढली आणि सगळी बोटं घेऊन घरी आले. नव्या माणसाची ओळख झाली की आधी पंजा पसरून बोटं दाखवतात, मग नाव सांगतात.

आम्ही भवानी पेठेत ज्या घरात भाड्याने राहतो तिथं चार बिऱ्हाडं आणि बोर्ड एकच. एकदा ऐन मे महिन्यात मामांनी स्वतःच्या ट्यूबचा होल्डर बदलायला काढला. फ्यूज खिशात घातला, होल्डर आणायला बाजारात गेले, तिथं कारखान्यातला जुना माणूस भेटला, त्याच्याबरोबर चहा झाला. इकडे आम्ही चारी घरची माणसं पुठ्ठ्याने वारा घेत दारात बसलो. मामा दिवेलागणीला आले.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "मामा, फ्यूज तरी लावून जायचा की!"

"कामाच्या मधी फ्यूज लावत नसतेत बे."

"पर काम कुटं चालू होतं?"

"माझ्या डोक्यात चालू होतं की."



त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे, "स्वस्त पायजे, पण मारकं नको." मारकं म्हणजे शिंगं उगारणारं. मामा हे बैलाबद्दल बोलत नाहीत. गॅसची शेगडी, शिडी, डॉक्टर, जावई, सगळ्याला हीच कसोटी. पोरीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाच्या बापाला तोंडावर विचारलं म्हणे, "हुंडा आमी देणार न्हाय, म्हणजे स्वस्त झालं. आता सांगा, पोरगं मारकं हाय का?" लग्न जमलं. मुलगी सुखात आहे.

आता शिकंज्याची गोष्ट.

आमचे मालक, शिवा त्यांचं नाव, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. व्हॅन जुनी आहे. मी घरी युनिफॉर्मला काज-बटण करते. त्या वर्षी सुट्टीत व्हॅनचा पुढचा डावा शॉकअप गेला. खड्डा आला की धाड, गतिरोधक आला की धाड. शाळा उघडायला थोडे दिवस राहिलेले. मुलांच्या आयांनी हा आवाज ऐकला असता तर त्यांनी दुसरी व्हॅन बघितली असती, आणि आमची चूल त्या व्हॅनवर. गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली ती आम्हाला झेपणारी नव्हती. मालकांनी नवा शॉकअप तेवढा आणला आणि म्हणाले, "बसवतो घरीच."

अडचण स्प्रिंगची. शॉकअपभोवती बोटाएवढ्या जाड सळईच्या वेटोळ्यांची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा नट खोलला की ती सुटते. ती आधी दाबून धरायला एक शिकंजा लागतो. दुकानात त्याला स्प्रिंग कंप्रेसर म्हणतात. दोन लांब बोल्ट, त्यांना आकडे. आकडे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे आणि बोल्ट फिरवत स्प्रिंग आवळायची. मालकांकडे शिकंजा नव्हता. त्यांच्याकडे मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये एक माणूस दोरीने स्प्रिंग बांधून नट खोलत होता.

"दोन मिनिटाचं काम हाय," मालक म्हणाले आणि व्हॅनमधून सोडवलेला जुना शॉकअप आणि टपावर सामान बांधायची दोरी घेऊन अंगणात बसले.

ती दोरी मला बघवेना. पण मालकांना नको म्हणायची माझी सवय नाही. मी नुसती दाराशी उभी राहिले.

मामा तेवढ्यात बाहेर आले. दोरीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "थांब बे शिवा." मग खिशातलं पेन काढून खोललं. आतली बारकी स्प्रिंग बोटांच्या चिमटीत दाबली आणि सोडली. ती जी उडाली ती थेट माझ्या शेंगाच्या चटणीच्या उघड्या बरणीत.

"दोन रुपयाच्या पेनातली ही तऱ्हा," मामा म्हणाले. "आता ही बघ. ही गप बसल्यासारखी दिसायलीय. हिच्या पोटात चार पैलवान कोंडलेत. दोरी सुटली तर तुझं तोंड मला चटणीत शोधावं लागंल."

"मामा, व्हिडिओत तर..."

"व्हिडिओतला माणूस दुसरा व्हिडिओ काढायला राहिला का, ते बघितलास?"

आणि मामांनी वरचा नट खोलायचा पाना उचलला आणि खिशात घातला. "शिकंजा येईस्तोर पाना माझ्यापाशी."

बाजारात दुसरा पाना मिळाला असता. पण मामांच्या खिशात गेलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. मालक दोरी आपटून आत गेले. मी चटणी चाळत बसले. खरं सांगते, चटणी चाळताना मला हसू येत होतं, इतकं हलकं वाटलं होतं.

मग मामांनी शिकंजा शोधायला घेतला. तो अख्खा शॉकअप, स्प्रिंगसकट, त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळला आणि काखेत मारून दुकानं हिंडू लागले. "नवरा मुलगा बघताना मुलगी नको का बरोबर?" म्हणायचे. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मामा, नातू का?" मामा म्हणाले, "व्हय, पण मारका हाय."

रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन ते हकीकत सांगत. एक शिकंजा हजाराच्या आत होता, पण आकडा नखासारखा आणि त्याला अडवायला पिन नाही. दुकानदार म्हणाला, सगळे हाच नेतात. मामांनी विचारलं, "सगळे परत येतेत का, कसा निघाला ते सांगायला?" एक भला मोठा, भिंतीला ठोकायचा. "त्याच्यासाटी आधी भिंत घ्यावी लागंल." जुन्या बाजारात एक मिळत होता, पण बोल्टाचे आटे झिजलेले. "दात पडलेला माणूस ऊस खायाला बसवायचा का?" एक वेल्डिंगवाला सळईचा करून द्यायला तयार होता. त्याला म्हणाले, "तुझी वेल्डिंग खिडकीला झकास हाय, बाळा. खिडकी उडी मारत न्हाय." मालकांनी मोबाईलवर एक दाखवला. मामांनी मोबाईल तळहातावर ठेवून जोखल्यासारखं केलं. "फोटोला वजन असतंय का बे?"

मालक चिडले. "मामा, शाळा तोंडावर आली. तुमचं बघणं कदी संपायचं? त्यापरीस दोरी बरी हुती!"

मामा खिशावर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शिवलेल्या युनिफॉर्मचा गठ्ठा द्यायला निघाले तर मामा म्हणाले, "अम्मा, वाटेतच एक दुकान हाय. चल." मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, तरी मला अम्माच म्हणतात. त्यांच्या तेलुगूत तशी पद्धत आहे.

हार्डवेअरच्या दुकानात मी कधी गेले नव्हते. सगळी पुरुषमाणसं. मी पदर सावरून मामांच्या मागे उभी राहिले. दुकानदाराने एक शिकंजा काढला. मामांनी चादर सोडली, आकडा वेटोळ्यावर ठेवून बघितला, नट बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत कानाशी धरून फिरवला.

"बरा हाय," मामा म्हणाले. "पण पिन न्हाय."

"मामा, गॅरेजवाले हाच वापरतेत. घरच्या कामाला पिन कशाला पायजे?"

मामा घुटमळले. शाळेची घाई त्यांनाही कळत होती. आणि माझ्या तोंडून, कसं ते मलाच माहीत नाही, निघून गेलं, "दादा, आमच्या मालकाच्या तोंडापुढं लावायचा हाय. निसटला तर?"

 माझे कान तापले. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग हातातला शिकंजा परत खोक्यात ठेवला. "मग हा नका नेऊ, ताई," म्हणाला आणि खालच्या फळीवरून दुसरं खोकं काढलं. त्यात दोन जड नग. एकेका टोकाला दोन-दोन आकडे, वेटोळ्याला मिठी मारतील असे, आणि आकड्यांवरून आडवी पिन. बोल्टाचे आटे जाड. किंमत पहिल्याच्या दुप्पट.

मामांनी नट कानाशी फिरवला. बराच वेळ. "हा मारका न्हाय," म्हणाले.

माझ्याकडे निम्मे पैसे होते. उरलेले मामांनी घातले. वाटेत ठरलं, दर शनिवारी शंभर द्यायचे.

रविवारी सकाळी काम झालं. मामांनी अंगणातली सगळी माणसं आत पिटाळली. स्प्रिंगमधून साखळी ओवून खांबाला बांधली. दोन शिकंजे समोरासमोर लावले, पिना घातल्या, आट्यांना ग्रीस चोपडलं. मालकांना स्प्रिंगच्या बाजूला बसवलं. "तोंड तिच्यासमोर न्यायचं न्हाय. बायकोचं भांडण आणि स्प्रिंग, बाजूनं बघायचं." मग थोडं या बोल्टाला, थोडं त्या बोल्टाला. मालक घाई करून एकच फिरवायला लागले की मामा म्हणत, "सवतीसवतीत भेद नको बे."

मी दाराआड कानांवर हात ठेवून उभी होते, तरी तो आवाज मला ऐकू आला. टक.

एक आकडा वेटोळ्यावरून घसरला होता. मालकांचा हात तसाच राहिला. तोंड पांढरं पडलं.

"हात काढ. मागं सरक," मामा हळूच म्हणाले.

आकडा वेटोळ्याच्या टोकाला लोंबत होता आणि पिन त्याला सोडत नव्हती. मामांनी लांबून पाना धरून दोन्ही बोल्ट थोडे थोडे सैल केले, आकडा पुन्हा नीट बसवला, आणि पहिल्यापासून आवळायला लावलं. स्प्रिंग आवळून आपल्या बैठकीत सैल हलायला लागली तेव्हा त्यांनी खिशातून वरच्या नटाचा तो पाना काढून मालकांच्या हातात दिला. "घे. आता खोल."

नट निघाला. स्प्रिंग निघाली. काहीच झालं नाही.

माझ्या आयुष्यात काहीच न होण्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दुपारी व्हॅन बोळाच्या खड्ड्यातून गेली ती मांजरासारखी. मालक आत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दुकानात तू बोललीस म्हनं," आणि जेवायला बसले. त्या दिवशी जेवणाला त्यांनी नाव ठेवलं नाही.

शाळा सुरू झाली. मामा दर शनिवारी दिवे लागले की येऊ लागले. शंभराची नोट घ्यायचे, चहा घ्यायचे. मग विचारायचे, "शिवा, उजव्या बाजूचा शॉकअप कसा हाय?"

"चांगला हाय की मामा."

"हं," मामा जरा हिरमुसून म्हणायचे. "तरी ध्यान ठेव."

एका महिन्यात मालकांच्या हातात एकरकमी पैसे आले. त्यांनी मामांपुढे सगळेच ठेवले. मामा एकदम रागावले. "मी काय सावकार हाय का, एकदम घ्यायला? ठरलंय ते ठरलंय. शनिवारी शंभर." नोटा तिथंच टाकून गेले. मालक म्हणाले, "म्हातारा चक्रम हाय बग." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पण एका शनिवारी ते आले तेव्हा मी नीट बघितलं. दाढी ताजी केलेली, सदरा इस्त्रीचा, आणि चहाबरोबर खायला बिस्किटाचा पुडा स्वतःच आणलेला. मामी भिवंडीला मुलाकडे गेल्यात. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून महिन्याभरासाठी गेल्या होत्या. तो नातू आता शाळेत जातो. मामा तिकडं राहत नाहीत. "तितं मला कुणी बिघडलेलं काय दाखवत न्हाय," म्हणाले. मग मामींचा फोन कधी आला, भात कसा करपला, सगळं सांगत बसले. मी बटणं लावत ऐकत होते. बटणं संपली तरी उठले नाही.

शेवटचा शनिवार आला. मी नोट दिली. मामांनी ती उलटीसुलटी केली, जणू तिचेही आटे बघत होते. चहा संपला. त्यांनी उजव्या शॉकअपचं विचारलं नाही. "फिटलं की," म्हणाले आणि उठून चपला घालायला लागले. एका चपलेला एवढा वेळ कुणाला लागतो?

 मग मीच बोलले. "मामा, येत्या शनिवारी जेवायलाच या. करकंबची बाजार आमटी करते. भाकरी चुरून खायाची."

"आता कशाला अम्मा? पैसे फिटले की."

"म्हणून तर. आतापतुर घेणेकरी हुता, नुसत्या च्यावर भागवलं. आता पावणं."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. "आमटी मारकी असती का गं?"

"लई," मालक म्हणाले. "पाणी काढती डोळ्यातनं."

"मग येतो," मामा म्हणाले. आणि मुठीतली शेवटची नोट त्यांनी आता कुठं घडी घालून खिशात टाकली.